वाऱ्याचा आडोसा

मुलांनो, परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या एस.टी.त कधी बसलात, तर खिडकीजवळची जागा धरा. हा रस्ता म्हणजे जुना कल्याण-निर्मल महामार्ग. आता त्याला ६१ क्रमांक मिळालाय, पण म्हातारी माणसं अजून जुन्याच नावानं ओळखतात. शहर मागं पडलं की काळी माती सुरू होते. पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती! जानेवारीत आलात तर फारच छान. कापसाची वेचणी संपत आलेली असते, शेतात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या असतात. ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले. मानवत जवळ आलं की कापसानं भरलेल्या गाड्या दिसू लागतात.

आणि मग एकाएकी दोन्ही बाजूंना उंचच उंच ऊस! कोरडवाहू मुलखात हा ऊस आला कुठून, असं तुम्हाला वाटेल. तो आला पैठणहून. म्हणजे त्याचं पाणी आलं, बरं का! पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो जालना जिल्ह्यातून आपल्या परभणी जिल्ह्यात येतो आणि पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांची तहान भागवतो. कालव्याला फाटे फुटतात, फाट्यांना चाऱ्या फुटतात आणि चारीचं पाणी शेतात जातं.

अशाच एका चारीच्या काठावर माझी शाळा आहे. जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. चारीच्या कडेनं एक वाट जाते. थेट पूर्वेला, फुटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. दीड किलोमीटरवर एक बाभळीचं झाड आहे, तिथं वाट संपते. आज मी तुम्हाला या वाटेवर घेऊन जाणार आहे. वाट लहान आहे, पण तिच्यावर मी एक मोठी चूक केली. ती चूक समजायला मला दूरदेशीच्या मोटारींच्या शर्यतींपर्यंत जाऊन यावं लागलं. चला तर मग!

आमच्याकडं थंडीत बहुधा पूर्वेकडचा, ईशान्येचा वारा असतो. सकाळी चारीच्या वाटेनं बाभळीकडं सायकल चालवा, वारा सरळ तोंडावर येतो. डोळ्यांतून पाणी काढतो. येताना मात्र तोच वारा पाठीत हात घालून ढकलतो. आमच्या शाळेतली सगळी पोरं हे जाणून आहेत. आणखी एक गोष्ट त्यांना पुस्तकात न वाचताच ठाऊक आहे. समोरून वारा असेल तर दुसऱ्याच्या सायकलीच्या मागं लागायचं. अगदी चाकाला चाक लावून. मग वारा लागत नाही, पायडल हलकं होतं. पोरं म्हणतात, "आडोशाला घुसायचं!"

हा आडोसा खरा असतो का? अगदी खरा. सायकल चालवताना आपण हवेला बाजूला सारत असतो. हवा दिसत नाही, पण ती सहजासहजी वाट देत नाही. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून जोरात जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेशी झुंजण्यातच जाते. पुढच्यानं हवा फोडलेली असली की मागच्याला कमी झुंजावं लागतं. अगदी जवळ राहिलं तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. म्हणूनच सायकलींच्या मोठ्या शर्यतीत एकाच संघाचे गडी आळीपाळीनं पुढं येतात. थोडा वेळ तू वारा खा, थोडा वेळ मी खातो!

घरी एक प्रयोग करून बघा. मात्र घरातलं मोठं माणूस जवळ हवं. टेबलावर मेणबत्ती लावा. तिच्यासमोर, चार बोटांच्या अंतरावर, वहीएवढा पुठ्ठा उभा धरा. आता पुठ्ठ्यावर समोरून फुंकर मारा. ज्योत मागं झुकेल असं वाटतं ना? ती उलट पुठ्ठ्याकडं झुकते! आडोशामागची हवा नुसती शांत नसते, ती गरगरत असते, काही ठिकाणी उलटी वाहते. ही गरगरणारी हवा लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता त्या दिवसाची गोष्ट.

प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं आम्ही सायकल शर्यत ठेवली होती. शाळेपासून बाभळीपर्यंत जायचं, झाडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. चारीला पाणी नव्हतं, म्हणून मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. दहा-बारा मुलं होती. पण खरी चुरस दोघांत. त्यांची नावं मी सांगणार नाही. एकाला आपण 'पुढचा' म्हणू आणि दुसऱ्याला 'मागचा'. पुढच्याकडं वडिलांची काळी, नळीची, दणकट सायकल. मागच्याकडं त्याच्या ताईला शाळेतून मिळालेली सायकल. मी शाळेच्या फाटकाशी घड्याळ घेऊन उभी होते. बाभळीशी तिसरीतल्या एका मुलीला पाण्याची कळशी घेऊन बसवलं होतं. कुणाला तहान लागली तर असावं म्हणून.

शिट्टी वाजली आणि पोरं सुटली. थोड्याच वेळात ती ठिपक्यांएवढी झाली. बाभळीशी धुरळा उठला. मग काळी सायकल एकटीच परत येताना दिसली. तिच्या मागून ओरडा आला, "मॅडम, पडला! पडला!"

मागचा पडला होता. त्याचं मनगट मोडलं होतं. आम्ही त्याला मोटारसायकलवर मधे धरून मानवतला नेलं, प्लास्टर घातलं. संध्याकाळी मी सगळ्या मुलांसमोर निवाडा देऊन टाकला. "मागून येणाऱ्यानं जपायचं असतं. एवढं जवळ जायचं कशाला? चूक मागच्याची." तो काहीतरी सांगू बघत होता. "मॅडम, मी बाजूनं निघालोच होतो…" मी म्हटलं, "पुरे!" दुसऱ्या दिवशी पुढच्याला प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजवायला लावल्या.

मागचा शाळेत येत राहिला. पण हात वर करेना. पाढे विचारले तर खाली बघायचा. मला वाटलं, हात दुखत असेल.

महिनाभरानं सहावीतल्या एका मुलानं मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीची चित्रफीत दाखवली आणि विचारलं, "मॅडम, ह्या गाड्या एकमेकींच्या मागं कामून चिकटतात? त्यांना काय वारा लागतो व्हय?" मला उत्तर आलं नाही. तुमच्या मॅडमनाही सगळं येत नसतं, बरं का! मी शोधू लागले.

वारा त्यांनाही लागतो. फॉर्म्युला वन नावाच्या शर्यतीत गाड्या सरळ रस्त्यावर ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढं जातात. त्या वेगाला हवा भिंतीसारखी आडवी येते. म्हणून मागची गाडी पुढचीच्या आडोशाला घुसते. त्याला ते 'स्लिपस्ट्रीम' म्हणतात. आमची पोरं चारीच्या वाटेवर करतात तेच! आडोशात वेग वाढतो आणि मग एकदम बाजूला निघून पुढं जायचं. आपल्याकडचे चालकही या विद्येत तयार होताहेत. मुंबईच्या जेहान दारूवाला यानं ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. ही शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय.

पण गंमत पुढं आहे. या गाड्यांना पुढं आणि मागं पंख असतात. विमानाचे पंख विमानाला वर उचलतात, हे पंख उलटे बसवलेले असतात. ते गाडीला खाली, रस्त्यावर दाबून धरतात. त्या दाबामुळंच गाडी वळणावर न घसरता वळते. आता ती मेणबत्ती आठवा. पुढच्या गाडीमागची हवा गरगरणारी असते. तशा हवेत मागच्या गाडीचे पंख नीट काम करत नाहीत. दाब कमी पडतो, चाकांची पकड सुटते. म्हणजे काय? जो आडोसा सरळ रस्त्यावर मदत करतो, तोच वळणावर दगा देतो. म्हणून मागच्याला घाई असते. जे काय करायचं ते सरळ रस्ता संपता संपता, वळणाच्या तोंडाशी! आणि नेमकी तिथंच वाट एक असते आणि गाड्या दोन. टकरी होतात त्या बहुतेक तिथंच.

मग चूक कुणाची? माझ्यासारखं 'मागच्याची' म्हणून मोकळं व्हायचं का?

ऐका. २५ सप्टेंबर २०११. सिंगापूरची शर्यत. ब्राझीलचा फेलिपे मासा पुढं होता, इंग्लंडचा लुईस हॅमिल्टन मागं. हॅमिल्टनच्या गाडीचा पुढचा पंख मासाच्या मागच्या चाकाला लागला आणि मासाचं चाक पंक्चर झालं. पंचांनी बघितलं आणि हॅमिल्टनला शिक्षा दिली. चूक मागच्याची.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर २०११ रोजी, आपल्या देशात पहिल्यांदाच फॉर्म्युला वनची शर्यत झाली. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला, बुद्ध सर्किटवर. शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा कुणी दाखवला माहीत आहे? आपल्या सचिन तेंडुलकरनं! तिथंही तेच दोघं. पुन्हा मासा पुढं, हॅमिल्टन मागं. पाचव्या वळणाशी हॅमिल्टन आतल्या बाजूनं घुसला आणि मासाच्या शेजारी आला. मासा वळला आणि दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळल्या. या वेळी पंचांनी शिक्षा दिली मासाला. पुढच्याला! कारण शेजारी गाडी आलेली असताना त्यानं तिच्यासाठी जागा ठेवली नाही. निकाल सगळ्यांना पटला असं नाही, त्यावर वाद झाला. पण बघा, माणसं तीच, जागाही तीच, एक पुढं नि एक मागं. तरी निकाल वेगळा. कारण पंचांनी 'मागं कोण होतं' एवढंच विचारलं नाही. टक्कर झाली तेव्हा कोण कुठवर आलं होतं आणि कोण कुणाच्या वाटेत गेलं, हे विचारलं.

कधी पंचांनाही सगळं कळत नाही. १९९० साली जपानमध्ये सुझुका इथं आयर्टन सेना आणि अलँ प्रोस्ट यांच्या गाड्या पहिल्याच वळणावर धडकल्या. दोघेही बाद झाले आणि त्यामुळं सेना जगज्जेता ठरला. शिक्षा कुणालाच झाली नाही. पुढच्या वर्षी सेनानं स्वतःच सांगितलं की, ती टक्कर आपण जाणूनबुजून होऊ दिली होती. टाळता येत असून टाळली नव्हती.

हे वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या संध्याकाळी काय विचारलं होतं? काहीच नाही. मी फाटकाशी होते, टक्कर दीड किलोमीटरवर झाली होती. मी पाहिला होता फक्त धुरळा. डी.एड.ला असताना 'आधी मुलांचं ऐकून घ्यावं' हे वाक्य मीच सुंदर अक्षरांत फळ्यावर लिहून पाठ घेतला होता. त्याला गुणही चांगले मिळाले होते!

दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर मी विचारलं, "त्या दिवशी बाभळीशी कोण होतं?"

कळशीवाली उभी राहिली. "मी होते मॅडम. पुढच्या दादानं हँडल ह्या अंगाला वळवलं. मागचा दादा बाजूला आला होता, त्याच्यावर. मी बघितलं ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

मी पुढच्याकडं पाहिलं. त्याची मान खाली. थोड्या वेळानं तो बोलला. "सगळा वारा मी खाल्ला मॅडम. हा आरामात माझ्या मागं. अन् बाभळीपाशी हा पुढं जाणार? मला राग आला. म्हणून जरा आडवा झालो. पाडायचं नव्हतं."

मग आम्ही सगळे चालत बाभळीपर्यंत गेलो. दोन सायकली हातानं ढकलत नेल्या आणि सगळं पुन्हा हळूहळू करून बघितलं. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीनं आलेलं. पुढचा थोडासा तिरपा झाला, चाकाला चाक घासलं. तेव्हा एक गोष्ट आम्हाला नव्यानंच कळली. चाकं अशी घासली की पडतो तो बहुतेक वेळा मागचाच. कारण त्याचं घासलेलं चाक हँडलचं असतं. तोल सावरायला ते वळवावं लागतं आणि तेच अडकलेलं असतं. पुढच्याला तर कधी कधी नुसता धक्का जाणवतो आणि तो निघून जातो. म्हणजे कोण पडला यावरून कोण चुकला हे कळत नाही. मी मात्र तेवढ्यावरूनच निकाल दिला होता.

मुलांत जोरदार वाद झाला. आडोसा घेणं ही फसवणूक आहे का? काही म्हणाले, आहे. कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा. मग एक मुलगी म्हणाली, "पण पुढच्यानं पण परवा माझा आडोसा घेतला होता!" सगळे हसले. शेवटी ठरलं ते असं. आडोसा घेणं ही युक्ती आहे, चोरी नाही. पण आडोसा घेणाऱ्यानं चाकात चाक घालू नये, हात-दीड हात जागा सोडावी. तेवढी चूक मागच्याची. शेजारी कुणी आलेलं असताना एकदम आडवं होणं ही त्याहून मोठी चूक, ती पुढच्याची. आणि वाट एवढी अरुंद असताना वळणावर एकही मोठं माणूस उभं न करणं आणि न विचारता निकाल देणं, ही सगळ्यांत मोठी चूक माझी. हे शेवटचं मुलं बोलली नाहीत, मी बोलले.

मी मागच्याला विचारलं, "आता प्रमाणपत्र तुला देऊ का?"

तो म्हणाला, "मला ते नको मॅडम. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणलात ना, चूक माझी. तेवढं सगळ्यांसमोर मागं घ्या."

मी ते मागं घेतलं. सगळ्या शाळेसमोर. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याच्या वडिलांनाही सांगितलं, कारण माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी त्याला दोन दिवस बोल लावले होते. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, लेकरांचा खेळ हाय." पण तो दाराशी उभा राहून ऐकत होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत होता.

यानंतर ते दोघं जिवलग मित्र झाले, असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. पण आता दोघं एकमेकांना आळीपाळीनं वारा खाऊ देतात, हे मी फाटकातून रोज सकाळी बघते.

आता शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. हे वाचून तुम्ही आडोसा घ्यायला उसाच्या ट्रॅक्टरमागं किंवा ट्रकमागं जाल, तर मी रागावेन! मोठ्या गाडीचा आडोसा मोठा असतो, खेचून घेतल्यासारखं वाटतं. पण मागं चिकटलेली सायकल चालकाला दिसत नाही. त्याला तुम्ही ठाऊकच नसता. उसानं भरलेल्या ट्रॉलीमागं तुम्हाला पुढचा खड्डाही दिसत नाही आणि ती अचानक थांबली तर ब्रेक दाबायला वेळ मिळत नाही. तिथं चूक कुणाची, हे विचारण्यातही अर्थ उरत नाही. मोठ्या गाडीपासून लांबच राहायचं. कळलं ना?

आमची शर्यत पुढच्या जानेवारीतही झाली. जाण्याची वाट वेगळी केली, येण्याची वेगळी. मधे मधे शिक्षक आणि पालक उभे केले. बाभळीशी मुख्याध्यापक स्वतः थांबले. त्यांच्याशेजारी, हातात लाल फडकं घेऊन, पंच म्हणून कोण बसलं होतं, ओळखा बघू?

बरोबर! कळशीवाली. कळशीही तिनं आणलीच होती.

कधी मानवतकडं आलात तर चारीची ती वाट बघून जा. सकाळी आलात तर बाभळीकडं जाताना वारा तोंडावर येईल. आणि तुमच्या गल्लीत, मैदानावर कुणी पडलं आणि निकाल द्यायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी आजूबाजूला बघा. तिथंही एखादी कळशीवाली बसलेली असेल. तिला विचारा.